हात जोडायचे की नाही: शाळेतल्या प्रार्थनेची पार्श्वभूमी

महापालिकेच्या शाळेत प्रार्थना असावी का, असं ठाण्यात किंवा नवी मुंबईत सहसा कुणी विचारत नाही. वाद होतो तो कुठली असावी यावर. प्रार्थना असणारच, हे पालक, शिक्षक, नगरसेवक सगळेच धरून चालतात. पहिल्या तासाआधी परिपाठ. त्यात राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, प्रार्थना, सुविचार, दिनविशेष, बोधकथा आणि बऱ्याच मराठी शाळांत शेवटी पसायदान. पावसाळ्यात मैदानात चिखल झाला की हेच सगळं व्हरांड्यात दाटीवाटीने उभं राहून. त्यामुळे हा प्रश्न आपल्याकडे आला तो शाळेतून नव्हे, कोर्टातून.

इंग्रज सरकारने शाळा काढल्या त्या धर्माला बगल देऊनच. सरकारी संस्थांतलं शिक्षण पूर्णपणे ऐहिक राहील, असं १८५४च्या वुडच्या खलित्यात, म्हणजे लंडनहून आलेल्या शिक्षणविषयक आदेशपत्रात, ठरलं. बायबल ग्रंथालयात असायला हरकत नव्हती, आणि विद्यार्थ्याने आपणहून विचारलं तर शिक्षकाने शाळेच्या वेळेबाहेर सांगावं, अशी सोयही होती. १८५७ नंतर सरकारने धर्माच्या बाबतीत आणखीच हात आखडता घेतला. पण देव नसलेल्या शिक्षणाने पोरं बिघडतात ही तक्रार तेव्हाही होती. म्हणून १८८२च्या हंटर आयोगाने कॉलेजांसाठी सर्व धर्मांना चालेल असं नीतिपाठांचं पुस्तक तयार करावं, अशी शिफारस केली. आयोगाचेच सदस्य असलेले मुंबईचे काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांना ती पटली नाही. पुढे गांधीजींनी वर्धा शिक्षण योजनेतून धर्मशिक्षण वगळलं. आज धर्म ज्या रीतीने शिकवले आणि पाळले जातात, त्यातून ऐक्याऐवजी भांडणंच होतील, अशी भीती त्यांनी बोलून दाखवली. रोज सकाळ-संध्याकाळ प्रार्थना घेणाऱ्या माणसाने हे म्हणावं, याकडे प्रार्थना हवी आणि नको म्हणणाऱ्या दोन्ही बाजूंचं दुर्लक्ष होतं.

सरकारी शाळेत धर्म शिकवावा का, यावर खरा खल झाला तो ७ डिसेंबर १९४८ला, संविधान सभेत. चर्चेला उत्तर देताना डॉ. आंबेडकरांनी उदाहरण घेतलं ते इथलंच, मुंबईतल्या महापालिकेच्या शाळेचं. त्या शाळेत हिंदू मुलं असणार, ख्रिस्ती, पारशी, ज्यू असणार. हिंदू म्हटलं तरी त्यात सनातनी, वैदिक, शैव, वैष्णव. मग शाळेने प्रत्येकाला त्याचा त्याचा धर्म शिकवत बसायचं का? दुसरा मुद्दा पैशाचा. बहुसंख्य मुलं हिंदू आहेत म्हणून जिल्हा बोर्डाने किंवा नगरपालिकेने त्यांचा धर्म शिकवायला घेतला, तर सगळ्यांकडून वसूल केलेला कर एका समाजासाठी खर्च होतो. आणि आमचाच मार्ग खरा असं सांगणारे धर्म वर्गात समोरासमोर आले की शाळेची शांतता गेलीच.

ठाणेकराला हे पटवायला मुंबईला न्यायला नको. टेंभी नाक्याच्या परिसरात पायी फिरलं तरी अग्यारी, १८७९ सालचं ज्यूंचं सिनेगॉग, जैन मंदिर आणि नवरात्रात देवीचा मंडप, सगळं हाकेच्या अंतरावर आहे. जिल्हा परिषदेचं बी. जे. हायस्कूलही तिथलंच, नाव एका पारशी दानशूराचं. नवी मुंबईचं तर काय सांगावं. १९७०मध्ये नवं शहर वसवायला सिडको आली, गावठाणांभोवती नोड म्हणजे नव्या वसाहती उभ्या राहिल्या, १९९२मध्ये महापालिका झाली. पूर्वी आगरी-कोळ्यांच्या मुलांनी भरणारे वर्ग आज तुर्भे, दिघ्यासारख्या भागात देशभरातून आलेल्या मजुरांच्या मुलांनी भरतात.

या चर्चेतून घटनेचं कलम २८ आलं, आणि सगळी गुंतागुंत तिथेच आहे. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, हे पहिल्या पोटकलमात स्पष्ट आहे. तिसरं पोटकलम सरकारमान्य किंवा अनुदानित संस्थांसाठी आहे. तिथे धार्मिक शिक्षण घ्यायला किंवा उपासनेला हजर राहायला कुणालाही भाग पाडता येत नाही. स्वतःची संमती लागते, अज्ञान मुलाच्या बाबतीत पालकाची. म्हणजे महापालिकेच्या शाळेत धर्म शिकवायचा नाही हे ठरलं, पण सकाळी हात जोडून एक गाणं म्हटलं तर ते काय, हे पहिल्या पोटकलमात लिहिलेलं नाही. आपला परिपाठ याच फटीत रुजला.

त्याला खतपाणी मिळालं ते श्रीप्रकाश समितीकडून. श्रीप्रकाश तेव्हा मुंबई राज्याचे राज्यपाल होते. १९५९मध्ये केंद्राने त्यांच्या अध्यक्षतेखाली धार्मिक आणि नैतिक शिक्षणावर समिती नेमली. दिवसाची सुरुवात काही मिनिटांच्या मौनाने करावी, प्रार्थना असली तरी ती कुठल्या देवतेला उद्देशून किंवा काही मागणारी असायची गरज नाही, असं समितीने सुचवलं. साने गुरुजींची ‘खरा तो एकचि धर्म’ मराठी शाळांत इतकी टिकली त्याचं कारणही हेच असावं: तिच्यात प्रभू आहे, पण त्याला नाव नाही. नंतर आलेल्या ‘इतनी शक्ति हमें देना दाता’चंही तसंच. ती १९८६च्या ‘अंकुश’ या मुंबईतल्या बेकार तरुणांवरच्या सिनेमातली. उर्दू माध्यमाच्या शाळांत इक्बालांची ‘लब पे आती है दुआ’ पिढ्यान् पिढ्या म्हटली जाते. तीच म्हणवून घेतली म्हणून २०१९मध्ये उत्तर प्रदेशात पिलीभीतच्या एका मुख्याध्यापकांना निलंबित केलं गेलं. आपली प्रार्थना सगळ्यांची आणि दुसऱ्याची तेवढी धार्मिक, हा हिशोब बऱ्याच जणांचा असतो. खिचडीच्या ताटापुढे ‘वदनी कवळ घेता’ म्हणवून घेताना त्यातल्या श्रीहरीकडे आपलं लक्ष तरी जातं का?

कोर्टात मात्र कुठली प्रार्थना यापेक्षा न म्हणणाऱ्याचं काय, यावरच निकाल लागत गेले. केरळमध्ये यहोवाचे साक्षीदार या ख्रिस्ती पंथाची तीन मुलं राष्ट्रगीताला अदबीने उभी राहत, पण गात नसत. शाळेने त्यांना काढून टाकलं. १९८६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावलं. नाशिकच्या एका अनुदानित शाळेतला शिक्षक प्रार्थनेला हजर असे, हात जोडत नसे. संस्थेने ती बेशिस्त ठरवली आणि त्याची वाढीव वेतनश्रेणी अडली. अशी सक्ती करता येणार नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने २०१३मध्ये बजावलं. केंद्रीय विद्यालयांतल्या ‘असतो मा सद्गमय’चा वाद २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयात मोठ्या पीठाकडे सोपवला गेला. सुनावणीत सॉलिसिटर जनरलांनी याच न्यायालयाच्या बोधचिन्हावरचं ‘यतो धर्मस्ततो जयः’ दाखवून दिलं, ते महाभारतातलं. युक्तिवाद बिनतोड वाटतो खरा, पण बोधचिन्हापुढे रोज सकाळी कुणाला रांगेत उभं करत नाहीत.

अमेरिकेचा दाखला इथे हमखास दिला जातो, तो जपून द्यावा. न्यूयॉर्कच्या शिक्षण मंडळाची २२ शब्दांची प्रार्थना तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९६२मध्ये रद्द केली. मुलाला गप्प राहायची किंवा बाहेर जायची मुभा होती, तरीही. सरकारने प्रार्थना रचणंच त्यांना अमान्य होतं. आपण तेवढं टोक गाठलं नाही, संमतीवर थांबलो.

दरम्यान परिपाठ वाढतच गेला. प्रतिज्ञा साठच्या दशकात आली, २०२०पासून संविधानाच्या उद्देशिकेचं वाचन सक्तीचं झालं, २०२३मध्ये राज्यगीताची भर पडली. २०२२मध्ये छगन भुजबळांनी शाळेत सरस्वतीऐवजी सावित्रीबाईंची तसबीर लावा म्हटलं आणि गदारोळ झाला. माझ्या मते प्रार्थना राहिली म्हणून काही बिघडत नाही. पण पालकाच्या संमतीची अट घटनेत १९५०पासून आहे, आणि शाळाप्रवेशाच्या अर्जात धर्म, जात, पोटजात, मातृभाषा हे रकाने असतात. प्रार्थनेच्या संमतीचा रकाना मला तरी अजून कुठे दिसलेला नाही.