कुंडलिनी योग

कुंडलिनी योग : देहात सुप्त मानलेली शक्ती, म्हणजे कुंडलिनी, जागवून ती सुषुम्ना या कण्यातून जाणाऱ्या नाडीतून (प्राण वाहण्याच्या मार्गातून) मस्तकातील सहस्रार या सर्वांत वरच्या स्थानापर्यंत नेण्याची साधना. तंत्र आणि हठयोग या परंपरांत तिची घडण झाली. कुंडलिनी कण्याच्या तळाशी, मूलाधारात, साडेतीन वेढे घालून निजलेली असते. इडा आणि पिंगला या डाव्या-उजव्या नाड्यांतून वाहणारा प्राण मधल्या सुषुम्नेत वळला की ती उठते आणि वाटेतले एकेक चक्र (शक्तीचे केंद्र) भेदत वर जाते, अशी धारणा आहे. त्यासाठी आसन, प्राणायाम, मुद्रा आणि मूलबंध, उड्डियान, जालंधर हे तीन बंध (स्नायू आवळून प्राण रोखण्याच्या क्रिया) सांगितले आहेत. मूलाधारापासून भुवयांमधल्या आज्ञेपर्यंत सहा चक्रे रूढ असली तरी सर्व ग्रंथांत संख्या सारखी नाही. चक्रे ध्यानासाठी कल्पिलेली आहेत; ती शरीरशास्त्रातले अवयव नव्हेत.

मराठीत या साधनेचे सर्वांत जिवंत वर्णन ज्ञानेश्वरीच्या (१२९०) सहाव्या अध्यायात आहे. गीतेच्या मूळ श्लोकांत कुंडलिनीचे नावही नाही. ज्ञानेश्वर मात्र कुंकवात न्हालेल्या नागिणीच्या पिलाचे रूप तिला देतात. वज्रासनाच्या उष्णतेने ती जागी होते, भुकेली होऊन देहातील धातू गिळते आणि मग तोच देह नव्या कांतीने उजळतो. हे नाथ संप्रदायाच्या गुरूंच्या संकेतातले आहे, असेही ते सांगतात. बाराव्या अध्यायात मात्र हेच ज्ञानेश्वर भक्तीवाचून चाललेल्या या खटाटोपाबद्दल स्पष्ट म्हणतात की, योगाच्या बळाने जास्त काही मिळत नाही, कष्टच तेवढे वाढतात. कुंडलिनीचे गोडवे गाताना ही दुसरी बाजू सहसा सोडून दिली जाते.

गुरूने आपली शक्ती शिष्यात संक्रमित करून जागृती घडवण्याला शक्तिपात म्हणतात. पुण्याचे गुळवणी महाराज आणि गणेशपुरीचे स्वामी मुक्तानंद ही या मार्गातली परिचित नावे. आज जगभर ‘कुंडलिनी योग’ या नावाने चालणारे वर्ग मात्र बहुधा हरभजनसिंग पुरी ऊर्फ योगी भजन (१९२९–२००४) यांच्या पद्धतीचे असतात. १९६८ मध्ये ते उत्तर अमेरिकेत गेले आणि पुढच्या वर्षापासून शिकवू लागले. जलद श्वसन, ठरावीक क्रिया आणि शीख परंपरेतले गुरुमुखी मंत्र हा त्या वर्गांचा गाभा. ही पद्धत प्राचीन असल्याचा दावा अभ्यासकांना मान्य नाही. योगी भजन यांच्या मृत्यूनंतर, २०२० मध्ये, त्यांच्यावर लैंगिक शोषणाचे गंभीर आरोपही पुढे आले.

नवशिक्याने सुरुवात साध्या आसनांनी आणि संथ श्वसनाने करावी. भस्त्रिकेसारखे (भात्याप्रमाणे वेगाने श्वास घेण्या-सोडण्याचे) जोरकस प्रकार आणि दीर्घ कुंभक (श्वास रोखून धरणे) गरोदरपणी, तसेच उच्च रक्तदाब, हृदयविकार किंवा अपस्मार (फिट येण्याचा आजार) असल्यास टाळावेत. साधनेत झोप उडाली, भास होऊ लागले किंवा भीती दाटली, तर त्याला जागृतीचे लक्षण समजून पुढे रेटू नये; साधना थांबवून डॉक्टरांना भेटावे.