पडदे नसलेलं पितळ

रशियन संगीतकार निकोलाय रिम्स्की-कोर्साकोव मुळात आरमारातला माणूस. १८७३ साली आरमाराच्या बँडांची देखरेख त्याच्याकडे आली, तेव्हा नुसत्या सह्या न करता तो ट्रॉम्बोन (लांब नळीचं पितळी वाद्य), क्लॅरिनेट, बासरी स्वतः फुंकून शिकला. पुढे १८७७ मध्ये त्याने ट्रॉम्बोन आणि लष्करी बँडसाठी कॉन्चेर्तो, म्हणजे एका वाद्याला पुढे ठेवून बाकीच्यांनी साथ करायची रचना, लिहिला. तीन भाग, जेमतेम दहा मिनिटं. १८७८ साली क्रोन्श्टाटच्या आरमारी तळावर तो वाजला.

आता अडचण बघा. पुढे एकटा ट्रॉम्बोन आणि मागे साथीलाही ट्रॉम्बोन, कॉर्नेट, ट्यूबा अशी पितळी वाद्यंच! एकट्याचा आवाज उठून दिसणार कसा? थोडं श्रेय संगीतकाराचं: ऐन मोक्याला तो बँडला दबकं वाजवायला लावतो, कॅडेन्झात, म्हणजे एकट्या वादकाच्या करामतीच्या जागी, तर गप्पच बसवतो. बाकीचं काम नळीतली हवा करते.

ट्रॉम्बोनची नळी बरंच अंतर एकाच जाडीची असते. हळू फुंकलं की आवाज मऊ, जवळजवळ गळ्यातून आल्यासारखा. जोरात फुंकलं की लहरीतला दाबाचा भाग विरळ भागापेक्षा किंचित वेगाने धावतो आणि वाटेत लहरीचा पुढचा उतार कड्यासारखा उभा होत जातो. या उभ्या कड्यातून वरचे स्वरांश (मूळ स्वरासोबत वाजणारे उंच स्वर) भरपूर निघतात. कानाला लागते ती पितळी धार हीच. फार जोर लावला तर नळीत चक्क आघात-लहर (शॉक वेव्ह) तयार होते, असं १९९६ मध्ये संशोधकांनी मोजून दाखवलं. युफोनियम या दुसऱ्या पितळी वाद्याची नळी रुंदावत जाते, त्यामुळे तिथे लहर लवकर पसरते आणि ही धार तेवढी येत नाही.

दुसरी गंमत स्लाइडची, म्हणजे हाताने पुढेमागे सरकवायच्या नळीची. (आज हा कॉन्चेर्तो स्लाइडच्या ट्रॉम्बोनवरच बहुतेकदा ऐकू येतो.) नळी साधारण २.७ मीटर. अर्धा स्वर उतरायचा तर ती सुमारे ६ टक्के लांबवावी लागते. स्लाइड दुहेरी असल्याने हात ८ सेंटिमीटर सरकला की भागतं. पण नळी लांबत जाते तसे तेच ६ टक्के मोठे होत जातात. अर्ध्या-अर्ध्या स्वराने उतरत स्लाइडच्या सात जागा होतात; सहाव्या जागेवरून सातव्या जागी जाताना जवळपास ११ सेंटिमीटर लागतात. या सात जागांवर खुणा नसतात. सतारीला पडदे असतात, सरोदला नसतात. हा सरोदच्या पंगतीतला. मींड घ्यावी तर ट्रॉम्बोननेच, स्लाइडऐवजी कळा असलेल्या कॉर्नेटला ती अशी साधत नाही.

नळीतली हवा १० अंशांनी तापली की ध्वनीचा वेग वाढतो आणि स्वर अर्ध्या स्वराच्या तिसऱ्या हिश्शाएवढा चढतो. कॉर्नेटवाल्याला तो ओठांनी दाबून खाली आणावा लागतो, नाहीतर थांबून वाद्य पुन्हा लावावं लागतं. ट्रॉम्बोनवाला वाजवता वाजवता हात अडीच सेंटिमीटर पुढे नेतो.