वॉशिंग्टनचा नौदल करार झालाच नसता तर : पार्श्वभूमी

पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटन आणि अमेरिका समुद्रावर एकमेकांसमोर उभे ठाकतात, ही कल्पना पर्यायी इतिहासात नेहमी येते. तिला भक्कम आधार आहे. १९२१च्या हिवाळ्यापर्यंत ही चुरस खरोखरच चालू होती.

सुरुवात १९१६ची. ब्रिटिश नाकेबंदीत अमेरिकी व्यापारी जहाजांची झडती घेतली जात होती आणि त्याचा राग वॉशिंग्टनमध्ये साचला होता. त्याच वर्षी अमेरिकी काँग्रेसने १० युद्धनौका (जाड चिलखताच्या बॅटलशिप) आणि ६ बॅटलक्रूझर (तितक्याच मोठ्या, पण वेगासाठी चिलखत कमी केलेल्या नौका) बांधायला मंजुरी दिली. युद्ध संपले तेव्हा जर्मनीचे आरमार उरले नव्हते, पण हा कार्यक्रम उरला होता. जपानने १९२०मध्ये ८ युद्धनौका आणि ८ बॅटलक्रूझरचा ताफा ठरवला. ब्रिटननेही ऑक्टोबर १९२१मध्ये ४ प्रचंड बॅटलक्रूझरची मागणी कारखान्यांकडे नोंदवली.

अनेक पर्यायी कथा इथून थेट तोफांच्या व्यासावर आणि चिलखताच्या जाडीवर जातात. मला ते अपुरे वाटते, कारण खरी गोष्ट तिजोरीत घडत होती. ब्रिटनवर अमेरिकेचे ४ अब्ज डॉलरहून जास्त कर्ज होते. ज्याला मागे टाकायचे, त्याचेच देणे फेडत जहाजे बांधायची होती. घरात बेकारी वाढलेली, आणि येती १० वर्षे मोठे युद्ध होणार नाही असे गृहीत धरून १९१९पासून संरक्षण खर्चाला कात्री लागलेली. जपानची स्थिती त्याहून बिकट होती. सरकारी खर्चाचा जवळपास तिसरा हिस्सा एकटे नौदल खात होते. अमेरिकेकडे पैसा होता, पण तिथल्या काँग्रेसला तो जहाजांवर घालवायचा नव्हता.

१२ नोव्हेंबर १९२१ रोजी वॉशिंग्टनमध्ये भरलेल्या नौदल परिषदेच्या पहिल्याच दिवशी अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री चार्ल्स ह्यूज यांनी आपल्या ३० मोठ्या नौका मोडीत काढायची तयारी जाहीर केली आणि इतरांनी काय मोडायचे तेही सांगून टाकले. ६ फेब्रुवारी १९२२ला करार झाला. मोठ्या युद्धनौकांच्या एकूण टनभाराला मर्यादा आली: ब्रिटन आणि अमेरिकेला प्रत्येकी ५,२५,००० टन, जपानला ३,१५,०००, फ्रान्स आणि इटलीला प्रत्येकी १,७५,०००. भारताच्या वतीने सही केली ती श्रीनिवास शास्त्री यांनी, गोखल्यांनंतर पुण्याच्या भारत सेवक समाजाची धुरा वाहणाऱ्या शास्त्रींनी.

जपानमध्ये या प्रमाणावरून नौदल दुभंगले. नौदलमंत्री काटो तोमोसाबुरो यांचे म्हणणे, अमेरिकेशी लढायला पैसा लागेल आणि तो उसना द्यायला अमेरिकेशिवाय कुणी नाही. परिषदेतले नौदल सल्लागार काटो कांजी यांना मात्र अमेरिकेच्या ७० टक्क्यांखाली काहीच मान्य नव्हते. पर्यायी इतिहास लिहिणाऱ्याने कांजींचा विजय दाखवला, तर १ सप्टेंबर १९२३चा भूकंप विसरू नये. टोकियो-योकोहामा उद्ध्वस्त झाले आणि योकोसुकाच्या गोदीत विमानवाहू नौकेत रूपांतर होत असलेली 'अमागी' मोडीत निघाली. १६ नौकांचा ताफा त्यानंतर कसा पुरा होणार?

याहून मोठा प्रश्न १९०२च्या ब्रिटन-जपान मैत्रीचा आहे. वॉशिंग्टनमध्ये तिच्या जागी अमेरिका, ब्रिटन, जपान आणि फ्रान्स अशा चार राष्ट्रांचा करार आला. त्याआधी ब्रिटिश साम्राज्यातल्या देशांच्या १९२१च्या साम्राज्य परिषदेत ऑस्ट्रेलियाला ती टिकवायची होती, तर कॅनडाचे पंतप्रधान आर्थर मीएन यांनी अमेरिका दुखावेल म्हणून कडाडून विरोध केला होता. करार फिसकटला असता आणि लंडनने टोकियोचा हात धरून ठेवला असता, तर सगळ्यात आधी कोंडी झाली असती ती अमेरिकेला लागून असलेल्या कॅनडाची.