कयाकसाठी लाइफ जॅकेट: जास्त जाड म्हणजे जास्त सुरक्षित नव्हे

गंगापूर धरणाच्या पाण्यात वल्हं मारायला शिकलेल्या नाशिककराला आज ना उद्या समुद्र खुणावतोच. जव्हारमार्गे डहाणू-बोर्डी गाठता येतं, सुट्टी मोठी असेल तर अलिबाग आणि मालवणही आहे. कयाक, म्हणजे वल्ह्याने चालवायची अरुंद होडी, भाड्याने मिळते, वल्हं मिळतं, आणि सोबत एक भडक नारिंगी, जाडजूड लाइफ जॅकेटही हातात पडतं. पुढे स्वतःचं जॅकेट घ्यायची वेळ येते तेव्हा बहुतेक जण त्याच मापाने विचार करतात: जितकं जाड, तितकं भरवशाचं. जहाजावरच्या प्रवाशासाठी हा विचार बरोबर आहे. कयाकवाल्यासाठी तो चुकतो, आणि का चुकतो हे समजायला शाळेत शिकलेलं आर्किमिडीजचं तत्त्व पुरेसं आहे.

माणूस जवळजवळ तरंगणाराच प्राणी आहे. छातीभर श्वास घेतला की आपल्या शरीराची सरासरी घनता गोड्या पाण्यापेक्षा किंचित कमी होते, आणि श्वास पूर्ण सोडला की किंचित जास्त. म्हणजे सगळा मामला काठावरचा असतो. चरबी पाण्यापेक्षा हलकी, स्नायू आणि हाडं जड, त्यामुळे सडपातळ, कसलेला ट्रेकर पाण्यात लवकर खाली जातो आणि अंगाने भरलेला माणूस सहज तरंगतो. शरीराचा जो भाग पाण्याबाहेर येतो त्याला पाण्याचा आधार मिळत नाही. नाक-तोंड बाहेर ठेवायचं म्हणजे साडेचार-पाच किलोंचं डोकं बाहेर ठेवायचं. तेवढाच आधार बाहेरून मिळाला की काम भागतं. म्हणूनच बहुतेक प्रौढांना तोंड पाण्यावर ठेवायला तीन ते साडेपाच किलोंचं जादा प्लावक बल, म्हणजे वर उचलणारा जोर, पुरतं. ऐंशी किलोंच्या माणसाला ऐंशी किलो उचलणारं जॅकेट लागतं हा समज मनातून काढून टाकायला हवा. जॅकेटच्या लेबलवर ‘१०० किलोपर्यंत’ असं लिहिलेलं असतं ते घालणाऱ्याचं वजन असतं, जॅकेटची ताकद नव्हे. ताकद न्यूटनमध्ये लिहितात, आणि १० न्यूटन म्हणजे ढोबळमानाने एक किलोचा आधार.

समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड असतं. पूर्ण बुडालेल्या ७० लिटर आकारमानाच्या शरीराला समुद्र त्यामुळे पावणेदोन किलोंचा आधार फुकट देतो. गंगापूरच्या पाण्यात जे जॅकेट तुम्हाला नीट धरून ठेवतं, ते शांत समुद्रात थोडं जास्तच उचलेल. ‘शांत’ हा शब्द मात्र महत्त्वाचा. किनाऱ्याजवळ फुटणाऱ्या लाटेच्या फेसात हवा मिसळलेली असते, त्या पाण्याची घनता उतरते आणि माणूस आणि जॅकेट दोघांचाही आधार तेवढ्यापुरता कमी होतो. ज्यांना फुटत्या लाटांमधून आत-बाहेर करायचं आहे त्यांनी किमान आकड्यापेक्षा थोडं वर जावं ते यासाठी.

आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ १२४०२ मध्ये जॅकेटांच्या चार पातळ्या आहेत: ५०, १००, १५० आणि २७५ न्यूटन. पन्नासच्या पातळीला मानकाच्या भाषेत लाइफ जॅकेट म्हणतही नाहीत, बॉयन्सी एड, म्हणजे तरंगायला नुसती मदत, म्हणतात. ती पोहता येणाऱ्यांसाठी, मदत जवळ असताना वापरायची. त्यातही घालणाऱ्याच्या वजनाप्रमाणे किमान आकडा बदलतो: ४० ते ६० किलोंना ४० न्यूटन, ६० ते ७० किलोंना ४५, त्याहून जास्त वजनाला ५०. अमेरिकेत कयाकसाठी विकली जाणारी प्रौढांची जॅकेटं साधारण ७० न्यूटनची असतात. पोहता येणाऱ्या कयाकवाल्याने ५० ते ७० च्या दरम्यानचं, कयाकसाठीच शिवलेलं फोमचं जॅकेट घ्यावं असं माझं स्पष्ट मत आहे. जो पोहू शकत नाही आणि वाटाड्यासोबत खाडीत दोघांच्या कयाकमधून फेरी मारणार आहे, त्याने मात्र १०० चं घालावं आणि वल्हं मारताना होणारी अडचण सोसावी.

इथे एक प्रश्न येणारच. १५० न्यूटनचं जॅकेट बेशुद्ध माणसालाही उताणं करतं, मग ते का नको?

विहिरीत पाठीला डबा किंवा सुके भोपळे बांधून पोहायला शिकलेल्यांना याचं अर्धं उत्तर अंगानेच माहीत आहे. डबा पाठीवर असला की पाणी पाठ वर ढकलतं आणि तोंड खाली जातं. हात मारायला शिकताना ते सोयीचं असतं, कारण शिकणारा शुद्धीवर असतो आणि मान स्वतः वर काढतो. प्लावक बल किती आहे याइतकंच ते शरीरावर कुठे लागतं यालाही महत्त्व आहे. जहाजावरच्या जॅकेटात जवळजवळ सगळा फोम छातीवर आणि मानेमागे असतो. आधार पुढून मिळतो, शरीराचा जड भाग खाली फिरतो आणि माणूस उताणा होतो. सोलास या समुद्रावरच्या जीवसुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या नियमांप्रमाणे जहाजावरच्या अशा जॅकेटने बेशुद्ध माणसाला झटकन वळवून त्याचं तोंड पाण्याच्या वर ठेवायला हवं. जहाज सोडून उडी मारणाऱ्याला, ज्याला पुढचे तास नुसतं तरंगत थांबायचं आहे, याहून चांगलं काही नाही.

कयाकवाल्याचं काम मात्र उलटल्यावर सुरू होतं. त्याला वारा कयाक पळवून नेण्याआधी पोहत तिच्यापर्यंत जायचं असतं, ती सरळ करायची असते, आणि पोटावर सरकत तिच्यावर चढायचं असतं. छातीवर फोमचा ढीग असला तर कयाकच्या कडेशी छाती अडते, पाय हापटले तरी वर जाता येत नाही. बंद कॉकपिटच्या, म्हणजे पाय आत घालून बसायच्या कयाकमध्ये उलटं लटकलेल्या माणसाला बाहेर पडायला आधी थोडं खाली सरकावं लागतं, आणि नेमकं तेव्हा जास्तीचं प्लावक बल त्याला वर, म्हणजे बोटीच्याच आत दाबतं. म्हणून कयाकच्या जॅकेटात फोम पुढे-मागे वाटलेला असतो. ते तुम्हाला आपोआप उताणं करणार नाही, हे पक्कं माहीत असूनच ते घ्यायचं, आणि समुद्रात एकट्याने जायचं नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं: माप. पाणी उचलतं ते फोमला, तुम्हाला नाही. फोमकडून तुमच्या शरीरापर्यंत हा जोर पट्ट्यांमधून पोचतो. पट्टे सैल असतील तर जॅकेट वर जातं आणि माणूस जागच्या जागी राहतो. फोम कानांपर्यंत चढला की त्याचा काही भाग पाण्याबाहेर येतो, आणि पाण्याबाहेरच्या फोमचा आधार शून्य. म्हणजे ७० न्यूटनचं सैल जॅकेट प्रत्यक्षात ५० न्यूटनच्या घट्ट जॅकेटपेक्षा कमी उपयोगाचं ठरू शकतं, वर हनुवटीत अडकून समोरचं दिसणंही बंद करतं.

दुकानात गेल्यावर घाई करू नका. सगळे पट्टे मोकळे करा, जॅकेट चढवा, आणि आधी कमरेचा पट्टा आवळा. हा पट्टा सर्वांत खालच्या बरगडीच्या खाली बसला पाहिजे, कारण बरगड्यांचा पिंजरा तिथे संपतो आणि कंबर आत जाते. तिथे आवळलेल्या पट्ट्याला वर सरकायचं तर बरगड्यांवरून जावं लागतं, ते जमत नाही. मग बाजूचे पट्टे, शेवटी खांद्याचे. खांद्याचे पट्टे आधी ओढले तर सगळं जॅकेटच वर येऊन बसतं. आता सोबतच्या माणसाला दोन्ही खांद्यांना धरून जॅकेट जोरात वर ओढायला सांगा. ते नाकापर्यंत आलं तर माप मोठं आहे किंवा घडण तुमच्या अंगाची नाही. दुकानातल्या फरशीवर पाय लांब करून बसा आणि वल्हं मारल्यासारखे हात फिरवा. काखेत घासत असेल तर तासाभरात कातडी सोलवटेल, खाऱ्या पाण्यात तर लवकरच. कयाकच्या सीटला उंच पाठ असते, म्हणून पाठीचा फोम वरच्या भागात आणि खाली नुसती जाळी अशी रचना बरी. स्त्रियांसाठी छातीच्या ठेवणीप्रमाणे वळवलेला फोम मिळतो. पुरुषी मापाचं जॅकेट आवळून भागवण्यापेक्षा तो शोधण्यात वेळ गेलेला चांगला.

कोकणातल्या उन्हाची गोष्टही याच वेळी लक्षात घ्या. फोम उष्णता अडवतो. बाजू बंद असलेलं जॅकेट दुपारी नकोसं होतं, माणूस ते काढून मागे बांधून ठेवतो, आणि उलटल्यावर पाण्यात जॅकेट घालणं हे पोहता येणाऱ्यालाही फार कठीण जातं. बाजूने मोकळं, काखेत खोल कापलेलं जॅकेट अंगावर राहतं.

विकत घेतलेलं जॅकेट लेबलवरच्या आकड्याला जागतं का, हे घरच्या घरी बरंचसं तपासता येतं. गच्चीवर पाण्याचा मोठा ड्रम असेल तर त्यात जॅकेट दाबून धरा, खिशांतली आणि कापडातली हवा पिळून काढा आणि पाव तास भिजू द्या. मग व्यायामशाळेतल्या बिडाच्या चकत्या सुतळीने त्याला बांधा. बीड पाण्यापेक्षा सुमारे सातपट जड, म्हणजे पाण्यात त्याचं वजन सातव्या हिश्श्याने कमी भरतं. सहा किलोंच्या चकत्या पाण्यात पाच किलोंहून थोड्या जास्त, म्हणजे साधारण ५० न्यूटनच्या जोराने खाली ओढतात. चकत्या ड्रमच्या तळाला न टेकता लटकत असताना जॅकेटचा थोडा भाग जरी पाण्यावर राहिला, तर ५० न्यूटन त्यात आहेत. तसंच रात्रभर ठेवा आणि सकाळी बघा. सोलास जॅकेटांना २४ तास गोड्या पाण्यात राहूनही पाच टक्क्यांपेक्षा जास्त आधार गमवायची मुभा नसते. तुमचं जॅकेट सकाळी तळाशी गेलेलं असेल तर आतला फोम पाणी पितो आहे. ही तपासणी प्रमाणपत्राची जागा घेत नाही, पण आतला माल खोटा असेल तर तो नक्की उघडा पडतो.

त्यानंतर गंगापूरला, परवानगी असलेल्या जागी आणि सोबतीने, ते घालून पाण्यात उतरा. पाय हलवणं थांबवा, श्वास सोडा आणि हनुवटी कुठे राहते ते बघा. मुद्दाम कयाक उलटवा आणि चढून बघा.

समुद्राला धरणासारखे काठ नसतात, हा फरक धरणावर शिकलेल्याला पहिल्यांदा जाणवतो तो वाऱ्यात. शाळेत खारे वारे आणि मतलई वारे पाठ केलेले असतात. पहाटेचा मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, किनाऱ्याजवळ पाणी आरशासारखं ठेवतो आणि कयाकला नकळत बाहेर नेतो. त्यात खाडीच्या तोंडाशी ओहोटी लागली, तीही उधाणाची, तर परतीला वल्ह्याचा जोर कमी पडू शकतो. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचे दत्तू भोकनळ २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये रोइंगला उतरले होते. रोइंगच्या शर्यतीत खेळाडू सहसा जॅकेट घालत नाहीत, कारण सुरक्षा बोटी जवळ असतात. समुद्रातल्या कयाकमागे कुणी येत नसतं, तेव्हा तुम्ही दिसणं आणि ऐकू येणं हेही जॅकेटचंच काम आहे.

लाटांमधलं माणसाचं डोकं दुरून नारळाएवढं दिसतं. निळं किंवा काळं जॅकेट त्या पाण्यात हरवतं. उजेडात माणसाचा डोळा पिवळट हिरव्या रंगाला, ५५५ नॅनोमीटरच्या आसपास, सर्वांत जास्त संवेदनशील असतो, आणि तिन्हीसांजेला लाल रंग लवकर काळपट दिसू लागतो. झगझगीत पिवळं किंवा नारिंगी, खांद्यावर परावर्तक पट्टी, आणि खांद्याच्या पट्ट्याला बांधलेली, आत गोटी नसलेली शिट्टी घ्या. गोटीची शिट्टी भिजली की अडकते. मोबाइल वॉटरप्रूफ पिशवीत घालून जॅकेटच्या खिशात ठेवा. कयाकच्या कप्प्यात ठेवला तर तो कयाकबरोबर जाईल.

हवा भरून फुगणारी जॅकेटं पातळ असतात म्हणून मोहात पाडतात. त्यांतली आपोआप फुगणारी कयाकसाठी नकोतच, कारण लाटेच्या पाण्यानेच ती फुगू शकतात. हाताने फुगवायच्या प्रकारात गॅसचं नळकांडं दर वेळी तपासावं लागतं आणि दोरी ओढायला शुद्धीवर असावं लागतं. नवख्याने फोमच घ्यावा. लहान मुलांची गोष्ट वेगळी: त्यांचं डोकं शरीराच्या मानाने जड असतं, म्हणून मानेमागे आधार देणारी कॉलर, उचलायला मूठ आणि दोन पायांमधून जाणारा पट्टा हवाच. ‘पुढच्या वर्षीही होईल’ म्हणून मोठं माप घेऊ नये.

आत काय भरलंय हेही विचारा. १८५४ साली कॅप्टन वॉर्ड यांनी ब्रिटिश जीवरक्षक नौकांसाठी बुचाचं जॅकेट बनवलं. नंतर कापोक आला, म्हणजे आपल्या डोंगरांत फुलणाऱ्या काटेसावरीच्याच जातकुळीतल्या झाडाचा कापूस. त्याचे तंतू पोकळ आणि मेणचट असतात, पण सतत चेपले गेले की ते पाणी धरतात. आजच्या जॅकेटात बंद पेशींचा फोम असतो. त्यातली हवा लाखो छोट्या कप्प्यांत कोंडलेली असते, म्हणून एखादी फाट पडली तरी सगळं जॅकेट निकामी होत नाही. पण त्यावर बसणं, त्याची उशी करणं, नाशिकच्या एप्रिल-मेच्या उन्हात ते गाडीच्या काचेमागे टाकून ठेवणं, यांनी ते कप्पे हळूहळू चेपतात आणि फुटतात. समुद्रावरून आलात की गोड्या पाण्याने धुवा, सावलीत टांगून वाळवा, बकलांमधली वाळू काढा. दर वर्षी पावसाळा संपला की ड्रम आणि चकत्यांची तपासणी पुन्हा करा. फोम दाबल्यावर परत वर येत नसेल, कापडाचा रंग उडून ते नखाने फाटत असेल, किंवा सहा किलोंना जॅकेट बुडत असेल, तर त्याचे पट्टे कापून मगच ते टाका, म्हणजे ते दुसऱ्या कुणाच्या अंगावर जाणार नाही.