खुल्या हवेतील मानवाकृतीचा प्रयत्न

फ्रेंच दृक्प्रत्ययवादी (इम्प्रेशनिस्ट) चित्रकार क्लोद मोने (1840–1926) याने 1886 मध्ये रंगवलेली दोन तैलचित्रे. एकात छत्रीधारी तरुणी डावीकडे वळलेली आहे, दुसऱ्यात उजवीकडे. प्रत्येक चित्र सुमारे 131 सेंमी. उंच व 88 सेंमी. रुंद असून दोन्ही पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयात आहेत. मूळ फ्रेंच शीर्षकात ‘एसे’ म्हणजे ‘प्रयत्न’ हा शब्द आहे. चित्रे पाहताना तो विसरू नये.

तरुणी आहे सुझान ऑशेदे, वय सुमारे 18. मोनेने पुढे 1892 मध्ये जिच्याशी लग्न केले त्या आलिसची ही मुलगी. ही मंडळी 1883 पासून झिव्हर्नी या गावी एकत्र राहत होती. गावाजवळच्या बेटावरील बांधावर सुझानला उभी पाहून मोनेला पॅरिसजवळच्या आर्जांतय गावातले जुने दिवस आठवले, अशी हकीकत ऑशेदे कुटुंबातून आली आहे. तिथे 1875 मध्ये त्याने पत्नी कामिय व लहानगा मुलगा झां यांना अशाच गवताळ चढावर, छत्रीसह रंगवले होते. कामिय 1879 मध्ये वारली. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय कलादालनातील त्या चित्रात कामिय पातळ जाळीतून वळून आपल्याकडे पाहते. तिची नजर जाणवते. सुझानला मात्र नाकडोळे जवळजवळ नाहीतच. चेहऱ्याच्या जागी छत्रीच्या सावलीतले काही फटकारे आहेत.

इथेच पाहणारा अडखळतो आणि चित्र अपुरे ठरवतो. तो निष्कर्ष चुकीचा आहे. मोनेने ही चित्रे 1891 मध्ये कलाविक्रेता द्युराँ-रुएल याच्या दालनात गव्हाच्या गंजींच्या मालिकेसोबत मांडली होती. शिवाय ऑगस्ट 1887 मध्ये समीक्षक तेओदोर द्युरे याला त्याने कळवले होते की, खुल्या हवेतल्या मानवाकृती निसर्गदृश्यासारख्या रंगवण्याचे जुने स्वप्न आपल्याला अजून छळते आहे. चेहरा रेखला असता तर नजर तिथेच खिळली असती आणि बांध, गवत, ढग हे सारे मागचा पडदा होऊन राहिले असते. त्याला तर झाडावर किंवा गंजीवर पडते तसेच ऊन बाईवर पडलेले दाखवायचे होते.

म्हणून ही चित्रे पाहण्याची सुरुवात चेहऱ्यापासून करू नये. आधी झग्याकडे पाहावे. तो पांढरा म्हणून ओळखू येतो, पण पांढरा रंग त्यात थोडाच आहे. सावलीच्या बाजूला निळा, जांभळट आणि गवतावरून उसळून आलेला हिरवट. सावली काळी नसते, तिच्यात आभाळ आणि भोवतालचे रंग उतरतात, हे दृक्प्रत्ययवाद्यांनी उघड्यावर बसून पक्के केले होते. छत्रीचे हिरवट अस्तर गाळीव उजेड खाली सोडते आणि डोके व खांदे त्यात बुडतात. मग वारा पाहावा. गवताचे आखूड, तिरके फटकारे, उडता गळपट्टा आणि फाटलेले ढग यांची ओढ एकमेकांत मिसळते. चित्रकार बांधाच्या खाली असल्याने क्षितिज जवळपास पायांशी येते आणि आकृती थेट आभाळावर उभी राहते. म्हणूनच एवढ्या मोकळ्या रंगलेपनातही ती भक्कम वाटते.

दोन्ही चित्रे शक्य तर एकामागून एक पाहावीत. मॉडेल, जागा आणि छत्री तीच. फक्त दिशा बदलली की उजेड अंगावर वेगळा पडतो आणि रंगांचा तोल नव्याने साधावा लागतो. गंजींच्या मालिकेत मोनेने बदलत्या प्रकाशाचा जो पाठपुरावा केला, त्याची चाहूल मला या जोडीत लागते. मानवाकृती मात्र यानंतर त्याच्या चित्रांतून हळूहळू नाहीशी झाली. त्याचा मुलगा मिशेल याने 1927 मध्ये, वडिलांच्या मृत्यूनंतरच्या वर्षी, ही जोडी राष्ट्रीय संग्रहाला दिली.