गार झालेला चहा आणि गारच केलेला चहा

एप्रिलची दुपार, बाहेर 40 अंश, आणि मी फ्रिजमधून बरणी काढून आईसमोर ग्लास ठेवला तर ती म्हणते, "गार झालेला चहा कोण पितं रे?" मी म्हटलं अगं हा गार झालेला नाही, गारच केलेला आहे, कोल्ड ब्रू, म्हणजे न उकळता गार पाण्यात तासन्‌तास पानं भिजवून केलेला. तिने ज्या नजरेने माझ्याकडे बघितलं ते सोडा, पण फरक खरंच आहे आणि तो केमिस्ट्रीचा आहे.

आधी आपला अमृततुल्यचा चहा बघू. तो खळखळ उकळतो, त्यात पावडरीतलं असेल नसेल ते सगळं बाहेर येतं, कडू-तुरट सुद्धा, तरी आपण हाफवर हाफ मारतो कारण दूध. दुधातलं केसीन नावाचं प्रोटीन चहातल्या तुरट पॉलिफेनॉल्सना धरून ठेवतं, नाहीतर तेच पॉलिफेनॉल्स आपल्या लाळेतल्या प्रोटीन्सना जाऊन चिकटतात आणि तोंड ओढून धरल्यासारखं होतं, कच्चं केळं चावल्यावर होतं ना तसंच. आता कोल्ड ब्रूत दूध नाही. मग तुरटपणाचं करायचं काय? तर तो मुळात पानातून बाहेरच येऊ द्यायचा नाही, एवढाच सगळा खेळ आहे.

बऱ्याच जणांना वाटतं की कॅफीन वगैरे गार पाण्यात विरघळत नाही. तसं नाहीये. 25 अंशाच्या लिटरभर पाण्यात साधारण 20 ग्रॅम कॅफीन विरघळू शकतं, आणि आपण टाकतो त्या 10 ग्रॅम चहात कॅफीन असतं जेमतेम 0.3 ग्रॅमच्या आसपास, म्हणजे पाण्यात जागाच जागा आहे, फ्रिजमधल्या पाण्यातही. अडचण बाहेर पडण्याची आहे. पान आधी भिजून फुगायला हवं, मग आतले रेणू वाट काढत बाहेर येणार, आणि गारठ्यात रेणूंची धावपळच मंदावते, शिवाय 5 अंशाचं पाणी उकळत्या पाण्यापेक्षा पाचपटीहून जास्त चिकट असतं. म्हणून जे काम 3 मिनिटात होतं त्याला 6 ते 8 तास लागतात. पण सगळेच सारखे रेंगाळत नाहीत हे महत्त्वाचं. थिअनीन नावाचं अमिनो आम्ल, चवीला मऊ गोडसर, ते गार पाण्यातही बऱ्यापैकी येतं. कॅफीन कमी वेगाने येतं पण येतं, त्यामुळे रात्री 10 ला हा "लाइट" चहा पिऊन झोप आली नाही तर मला सांगू नका. आणि कॅटेचिन्स, म्हणजे त्या तुरट पॉलिफेनॉल्सपैकीच काही, त्यातले जे सगळ्यात कडू-तुरट ते मात्र बरेचसे पानातच बसून राहतात.

गरम चहा करून तो फ्रिजमध्ये ठेवला तर काय होतं? गढूळ होतो. काळ्या चहाचा तो लालसर रंग थिआफ्लेविन्स वगैरेंचा, ते गरम असताना नीट विरघळलेले असतात पण गार होताना कॅफीनला धरून गठ्ठे करतात आणि पाणी पांढुरकं दिसायला लागतं. कोल्ड ब्रूत दोन्ही मुळातच कमी, म्हणून तो काचेसारखा नितळ राहतो. आईचा "गार झालेला" चहा तो हा, गढूळवाला.

माझी पहिली बरणी फसली होती कारण मी घरातली रोजची पावडर टाकली. ती असते सीटीसी, म्हणजे पान चिरडून फाडून वळवून केलेले बारीक दाणे, ही पद्धत 1930 च्या सुमारास आसामात आली आणि ती आहेच मुळी झटपट कडक चहासाठी. दाणे इतके बारीक की गार पाण्यातही सगळं भसाभस सुटतं, वर तळाला चिखल. अख्ख्या पानाचा चहा घ्या, दार्जिलिंग, निलगिरी, ग्रीन टी काहीही. लिटरला 8-10 ग्रॅम, फ्रिजमध्ये रात्रभर, सकाळी गाळायचं. ग्रीन टी असेल तर 5-6 तास पुरतात.

आता फळं. एक गैरसमज आधीच काढून टाकतो, फळाने चहा गोड होत नाही. 100 ग्रॅम स्ट्रॉबेरीत साखर साधारण 5 ग्रॅम, ती सगळीच्या सगळी जरी लिटरभर चहात उतरली तरी चार ग्लासांना मिळून एक चमचा. फळाचं काम वासाचं, आणि आपण ज्याला चव म्हणतो त्यात बराचसा कारभार नाकाचाच असतो. एक युक्ती, महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी मंडईतून आणली की चिरून रात्रभर फ्रीजरमध्ये टाका, बर्फाचे स्फटिक पेशी फोडतात, मग ती चहात टाकली की रंग-वास चटकन सुटतो. लिंबू पिळलं की काळा चहा एकदम फिकट सोनेरी होतो, तिथे चहा पातळ वगैरे झालेला नसतो, आम्लामुळे त्यातल्या रंगद्रव्यांचा रंग उतरतो, चिमूटभर खायचा सोडा टाकून बघा, उलटा गडद होईल. पिऊ नका फक्त.

मोसंबी मात्र रात्रभर ठेवू नका. ज्यूसवाला समोर काढून देतो तो रस गोड आणि पार्सल नेलेला घरी पोचेपर्यंत कडू, हे सगळ्यांनी अनुभवलंय. फळात आधी एक बिनकडू पदार्थ असतो, पेशी फुटल्या की रसातल्या आम्लामुळे हळूहळू त्याचं लिमोनिन होतं आणि ते जहाल कडू. म्हणून मोसंबी प्यायच्या अर्धा तास आधी, सालाखालचा पांढरा भाग काढून.

आणि हे जरा सिरियसली घ्या. उकळताना जंतू मरतात, इथे काहीच उकळत नाही. पान, फळाची साल, चाकू, सगळीकडचे जंतू आणि यीस्ट जसेच्या तसे बरणीत, त्यात फळाची साखर, म्हणजे त्यांची चंगळच. मी एकदा बरणी ओट्यावर विसरलो, दुसऱ्या दिवशी दुपारी झाकण उघडलं तर फस्स. सरळ बेसिनमध्ये. त्यामुळे पाणी आधी उकळून गार केलेलं, फळं धुतलेली, बरणी कायम फ्रिजमध्ये, उन्हात ठेवून "सन टी" करायची फॅशन तर अजिबात नको. मी चहा आधी गाळतो आणि फळं मग 2-3 तासच ठेवतो, आणि 24 तासात संपवतो.

गाळलेली पानं मी टाकणार होतो, आई म्हणाली थांब. लगेच त्यावर कपभर उकळतं पाणी ओतलं, 5 मिनिटं झाकून ठेवलं. मी घोट घेतला आणि तोंड वाकडं झालं, गार पाण्याने रात्रभर मागे ठेवलेला सगळा तुरटपणा त्या एका कपात. तिने शांतपणे तो पातेल्यात ओतला, आलं ठेचलं, दूध घातलं आणि म्हणाली, "हा माझा. ती बरणी तुझी."