घाणेकरांच्या नावातलं ‘डॉ.’ मानद नव्हतं

ठाण्यात हिरानंदानी मेडोजला नट डॉ. काशिनाथ घाणेकरांच्या नावाचं नाट्यगृह आहे. त्याच्याबाहेर तिकिटाच्या रांगेत हमखास कानावर येतं, “घाणेकर मूळचे सिनेमातले हिरो, डॉक्टरकी नंतर मानद मिळालेली.” दोन्ही चूक.

काशिनाथ घाणेकर शिकून झालेले दंतवैद्य होते. मानद पदवीवर कुणाचा दात काढता येत नाही. त्यासाठी परीक्षा आणि नोंदणी लागते. नाव गाजण्याआधी त्यांचा दवाखाना होता.

सिनेमाही नंतरचा. १९६२ साली वसंत कानेटकरांच्या ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ या नाटकात त्यांनी संभाजी उभा केला आणि ते घराघरांत पोचले. राजा परांजपेंचा ‘पाठलाग’ हा सिनेमा आला १९६४ला. मग ‘अश्रूंची झाली फुले’मधला लाल्या, आणि पडद्यावर ‘मधुचंद्र’.

गोंधळ होतो तो बहुधा जाहिरातीमुळे. नटांच्या यादीत त्यांचं नाव सगळ्यात शेवटी, तेही ‘आणि’ लावून: “आणि... डॉ. काशिनाथ घाणेकर.” त्या ‘आणि’च्या थाटात पुढचं ‘डॉ.’सुद्धा लोकांना बिरुदच वाटलं असावं. रंगभूमी मात्र शेवटपर्यंत सुटली नाही. २ मार्च १९८६ रोजी अमरावतीत ते गेले, तेव्हाही नाटकाच्या दौऱ्यावरच होते.